गोळी, चुना की पेस्ट? दातापर्यंत कॅल्शियम पोचतं ते कुठल्या वाटेनं

परवा दुपारी निपाणीकडच्या एक मावशी दुकानात आल्या. शहापुरात लेकीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. काउंटरवर त्यांनी दोन वस्तू मांडल्या. एक, कॅल्शियमच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. दुसरी, कमरेच्या चंचीतून काढलेली चुन्याची डबी.

"दोन महिने झालं गोळी खाऊलोय अक्का, दाढ काय राहीना. नातवानं मोबाइलवर दाखवलं, गव्हाएवढा चुना रोज खाल्ला की दात दगडासारखे हुतात म्हणून. आता गोळी सोडू आणि चुना धरू का, तेवढं सांग."

बेळगावात मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मला बावीस वर्षं झाली. 'दातांना कॅल्शियम द्या' हे मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते, आणि चुन्याचे व्हिडिओ फिरायला लागल्यापासून जरा जास्तच. कुणी महागातली गोळी मागतं, कुणी 'नैसर्गिक' मागतं, कुणी शंखभस्म. कुठलं कॅल्शियम चांगलं, असा सगळ्यांचा प्रश्न असतो. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे दात कुणाचा आणि किती वयाचा? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय गोळीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

## भट्टीतून निघालेलं कौल

दातावर जे पांढरं, चकचकीत कवच असतं त्याला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनानं जवळजवळ ९६ टक्के खनिज, आणि त्या खनिजात मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. तेव्हा दाताला कॅल्शियम लागतं, ही समजूत खरीच आहे. घोटाळा होतो तो पुढं, दात म्हणजे हाडच असं धरून चालल्यामुळं.

हाड जिवंत असतं. त्यात रक्त खेळतं, पेशी जुनं हाड काढून नवं भरत राहतात, म्हणून तर मोडलेला हात दीड-दोन महिन्यांत जुळून येतो. इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही. ज्या पेशींनी ते घडवलं, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. रक्ताची नळीही तिथवर जात नाही. दाताच्या पोटात नस असते, तिथवर रक्त पोचतं; तिच्याभोवती डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो. पण कीड सुरू होते ती वरच्या कवचापासून.

खानापुरात कौलांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. माती मळताना तुम्ही त्यात काय घालता, ती किती दिवस मुरवता, ते सगळं कौलात उतरतं. माती निकस असेल तर कौल ठिसूळ निघतं. पण एकदा ते भट्टीतून भाजून निघालं आणि छपरावर चढलं, की मग खाली अंगणात कितीही उत्तम माती आणून ओता, वरच्या कौलाला त्यातला कणही मिळत नाही. त्याची निगा वरूनच राखावी लागते.

दात जबड्याच्या आत घडत असतो तोवर आपण खाल्लेलं कॅल्शियम पोटातून रक्तात आणि रक्तातून त्याला मिळतं. ही पोटाची वाट. दात वर आला की इनॅमलपुरती ही वाट बंद होते. त्यानंतर त्याला जे मिळतं ते तोंडातून, बाहेरच्या अंगानं. ही तोंडाची वाट. पुढचं सगळं या दोन वाटा ध्यानात ठेवून वाचा.

## मग वर आलेल्या दाताला कॅल्शियम देतं कोण?

लाळ. आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर विरघळलेलं असतं. तोंडात आम्लपणा नसेल तर हे खनिज दातावर परत बसायला तयारच असतं.

गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. आम्लपणा मोजायचं माप असतं पीएच. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम निसटायला लागतं. एकदा गोड खाल्ल्यावर तोंड पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात लाळ आम्ल धुऊन काढते, आणि मग निसटलेलं थोडंफार परत जागेवर बसवते. दिवसभर ही देवघेव चालू असते. देणं जास्त आणि घेणं कमी झालं की आधी दातावर खडूसारखा पांढुरका डाग दिसतो, आणि तिकडं लक्ष दिलं नाही तर खड्डा पडतो. डाग असतो तोवर तो भरून येऊ शकतो. खड्डा आपोआप भरत नाही, त्याला दाताचा डॉक्टरच लागतो.

त्यामुळं एका बैठकीत किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एक वाटी कुंदा खाल्ला तर दाताला एकदाच मार बसतो. पण सकाळपासून दर तासाला अर्धा कप गोड चहा घेत राहिलात, तर लाळेला दुरुस्तीला उसंतच मिळत नाही. गोकाकचं करदंट पौष्टिक आहे यात शंका नाही, पण त्यातला गूळ आणि डिंक दाढेच्या खाचेत जाऊन बसतो आणि तासभर तिथंच राहतो. करदंट खा, त्यावर पाण्याची जोरदार चूळ भरा, दाढेवरून जीभ फिरवून बघा काही चिकटलंय का.

मावशींची दाढ मी मोबाइलच्या उजेडात पाहिली. मधोमध मसुराएवढा काळा खड्डा होता आणि त्यात सुपारीची चिपटी अडकलेली. ती जागा कुठल्याही गोळीनं भरणारी नव्हती.

## "मग डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्या उगाच?"

अजिबात नाही. गोळी दातातला खड्डा भरत नाही म्हणजे ती निरुपयोगी आहे, असं कृपा करून कुणी समजू नका. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठलेलं असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत, आणि त्या एक टक्क्यावर हृदयाचे ठोके नि स्नायूंची हालचाल चालते. रक्तात कमी पडलं तर शरीर ते हाडांतून उचलतं. दातांतून नाही.

जबडाही हाडच आहे. दात कितीही धडधाकट असला तरी तो ज्या हाडात रोवलाय ते विरळ झालं तर काय उपयोग? पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि पन्नाशी-साठीच्या बाईला कॅल्शियम हवंच हवं. मावशींना त्यांच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती ती गुडघे आणि कंबर बघून. दाढेचा संबंध त्यांनी स्वतःच जोडला होता.

याच वयात हाडं विरळ झाली म्हणून काहींना आठवड्यातून एकदा घ्यायची वेगळी गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून औषध मिळतं. ते कॅल्शियम नसतं. अशा औषधावर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. म्हणून दात काढायला बसण्याआधी 'मी हाडांचं औषध घेते' हे डॉक्टरांना सांगा, आणि जमलं तर स्ट्रिप बरोबर न्या.

## स्ट्रिपवरचा मोठा आकडा आणि खरा आकडा

आपल्याकडे गोळीच्या पाकिटावर इंग्रजी असतं आणि सरकारी दवाखान्यातल्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीच्या कार्डावर, कन्नड. मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला दोन्ही वाचताना अडखळायला होतं. म्हणून हे जरा तपशिलात सांगते.

कॅल्शियम सुटं कधीच मिळत नाही, ते कशाला तरी जोडलेलं असतं. भुईमुगाच्या शेंगा विकत घेतल्या तर वजनात टरफलंही येतात, तसंच. जोडीदार कोण, यावरून निव्वळ कॅल्शियम किती ते ठरतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपला, अंड्याचं कवच यांतही हेच असतं. यात ४० टक्के निव्वळ कॅल्शियम. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर त्यातलं ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, बाकी टरफल. दुसरं कॅल्शियम सायट्रेट. यात निव्वळ कॅल्शियम २१ टक्केच, म्हणजे १००० मिलिग्रॅमच्या गोळीतून २१० मिलिग्रॅम. लॅक्टेटमध्ये १३ आणि ग्लुकोनेटमध्ये ९ टक्के. त्यामुळं नुसत्या मोठ्या आकड्याकडे बघून गोळी निवडू नका. 'एलिमेंटल' या शब्दापुढचा आकडा म्हणजे निव्वळ कॅल्शियम. दुकानदाराला तोच वाचून दाखवायला सांगा.

कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि ते जेवताना जास्त सुटतं. म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या घ्यायची. उपाशी पोटी घेतलेली कार्बोनेटची गोळी बरीचशी वाया जाते. सायट्रेटचं तसं नाही, ते केव्हाही चालतं. आपल्याकडे कितीतरी लोक रोज सकाळी पित्ताची गोळी घेतात. ती पोटातलं आम्लच कमी करते, त्यामुळं अशा माणसाला सायट्रेट बरं पडतं. म्हाताऱ्या माणसांचंही तेच, कारण वयानुसार आम्ल कमी होत जातं. कार्बोनेटनं ज्यांचं पोट धरतं किंवा गॅस होतो त्यांनीही सायट्रेट विचारून बघावं. बाकीच्यांनी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचं काही कारण नाही. माझ्या दुकानात मी बहुतेकांना साधं कार्बोनेटच सुचवते.

एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅल्शियम शरीर नीट घेतं. दोन गोळ्या एकदम गिळल्या तर दुप्पट मिळत नाही. एक दुपारी, एक रात्री.

आणि कशाबरोबर घेऊ नये, हे तर पाठच करा. रक्तवाढीच्या गोळीत लोह असतं. कॅल्शियम त्याला आत शिरू देत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. काही अँटिबायोटिकं कॅल्शियमबरोबर घेतली तर लागूच पडत नाहीत, म्हणून नवीन औषध घेताना 'कॅल्शियम चालू आहे' एवढं सांगत जा. मुतखडा होऊन गेलाय किंवा किडनीचा त्रास आहे, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

गोळी पोटात विरघळते की नाही अशी शंका असेल तर घरी बघता येतं. वाटीत थोडं कोमट व्हिनेगर घ्या, त्यात गोळी टाका, मधूनमधून हलवा. अर्ध्या तासात ती विरघळून गेली पाहिजे. कार्बोनेट असेल तर बारीक बुडबुडे येतात. चघळायच्या गोळीला ही परीक्षा लागत नाही.

शंखभस्म, प्रवाळ, मौक्तिक, कवडीभस्म: यांतही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असतं. वैद्य ती आपल्या शास्त्रानं वेगळ्या कारणांसाठी देतात, त्यात मी बोलणार नाही. पण निव्वळ कॅल्शियमसाठी म्हणून ती महाग पडतात, आणि शिंपले-हाडांच्या पुडीत शिसं असण्याचा धोका असतो. सुटी पुडी तर घेऊच नका.

## गव्हाएवढा चुना

आता मावशींच्या डबीकडे येऊ.

खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुनखडी भाजली, पाण्यात विझवली की तो तयार होतो. त्यात कॅल्शियम आहे का? आहे, ५४ टक्के. व्हिडिओवाले एवढंच सांगतात आणि थांबतात. पुढचा हिशेब आपण करू.

गव्हाचा दाणा ४० ते ५० मिलिग्रॅम भरतो. तेवढ्याच वजनाचा चुना घेतला आणि तो अगदी कोरडा धरला, तरी त्यात कॅल्शियम २७ मिलिग्रॅमच्या वर नाही. डबीतल्या ओल्या चुन्यात तर त्याहून कमी. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम. २७ मिलिग्रॅम मिळवायला दूध किती लागतं? चार-पाच चहाचे चमचे. कपभर चहात आपण घालतो तेवढं.

हा हिशेब मी मावशींना काउंटरवर मांडून दाखवला, तशा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तेवढ्यासाठी तोंड पोळून घेऊलोय की मी."

खरंच पोळलं होतं. डाव्या गालाच्या आत, जिथं त्या विडा धरायच्या, तिथली कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली होती. चुना प्रचंड दाहक असतो, त्याचा पीएच १२ च्या वर जातो. गालाच्या आतलं अस्तर पातळ असतं, रोज एकाच जागी चुना लागला की ते जळत राहतं. आणि आपल्याकडे चुना एकटा कुठं जातो? सोबत सुपारी असते, तंबाखू असते. चुन्यामुळं तंबाखूतलं निकोटिन पटापट सुटतं आणि सुपारीतली द्रव्यं गालात मुरतात. सुपारीनं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलंय, तंबाखू नसली तरीसुद्धा.

निपाणीच्या काळ्या रानात तंबाखू पिकते, घराघरात बायका विड्या वळतात, आणि कितीतरी जणी सकाळी मिश्रीनं दात घासतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. दातांचं औषध म्हणून ती हातात येते आणि सवय होऊन बसते. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कुठला कायदा अडवणार? या बायकांना मी दोष देत नाही. पहाटे उठून, दिवसभर मान खाली घालून हजारभर विड्या वळणाऱ्या बाईला ती तरतरी लागते, हे मला दिसतं. पण त्यांतल्या काही जणींना गालाच्या गाठीची औषधं घेताना मी पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

घरच्या घरी एक बघा. हाताची मधली तीन बोटं जुळवून उभी धरा आणि तोंडात पुढच्या दातांमध्ये ठेवा. तिन्ही बोटं आरामात जायला हवीत. दोनच जात असतील, तिखट लागताच तोंड भाजत असेल, गालावर पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवडे झाले तरी न भरलेला फोड असेल, तर मेडिकलमध्ये मलम मागायला येऊ नका. सरळ दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

## "पण आमची आजी पान खायची, नव्वदीतही सगळे दात होते"

असतील. माझ्या आजीचेही होते. पण तिच्या लहानपणी घरात साखर सणावारी यायची. चहा नव्हता, बिस्किटाचा पुडा नव्हता, पाच रुपयांचं चॉकलेट नव्हतं. दोन वेळा भाकरी, आमटी, भाजी. मधल्या वेळेत दातांना विश्रांती. तिच्या दातांचं श्रेय चुन्याला द्यायचं की त्या ताटाला? शिवाय पान खाऊन ज्यांचे दात साठीतच गेले किंवा ज्या तोंडाच्या दुखण्यानं गेल्या, त्या आज्यांची गोष्ट घरात कुणी सांगत नाही.

## बाळंतपण आणि दात

'पोर झालं की एक दात जातो' असं जुन्या बायका सांगतात. पोटातलं बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, अशी त्यामागची समजूत. ते खरं नाही. भट्टीतून निघालेल्या कौलातून माती परत काढता येत नाही. बाळाला कमी पडलं तर आईच्या हाडांतून जातं.

दात बिघडतात ते दुसऱ्या कारणांनी. गरोदरपणात हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं, म्हणून बाई घासायचंच सोडते. उलट्यांमधून पोटातलं आम्ल दातांवर येतं. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लानं मऊ झालेलं कवच घासलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या तासानं ब्रश करा.

सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला कॅल्शियम मिळतं ते चौथ्या महिन्यापासून, नेमकं सांगायचं तर १४ व्या आठवड्यापासून, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. रोज दोन गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम निव्वळ कॅल्शियम आणि जोडीला ड जीवनसत्त्व. मुख्य हेतू गरोदरपणातलं ब्लडप्रेशर आटोक्यात ठेवणं हा असतो. आणि तिच्या पोटात बाळाचे दुधाचे दात याच सुमाराला खनिज धरायला लागलेले असतात. आशाताईंनी दिलेल्या त्या गोळ्या उतरंडीवर टाकून देऊ नका. दोन जेवणांबरोबर दोन घ्या, आणि लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

## मुलांचे दात: इथं पोटाची वाट उघडी आहे

पक्क्या दातांतली पहिली दाढ जन्माच्या सुमाराला खनिज धरायला लागते आणि सहाव्या वर्षी तोंडात दिसते. अक्कलदाढ सोडली तर सगळ्या पक्क्या दातांची वरची घडण आठव्या वर्षापर्यंत संपते. मातीत काय घालायचं ते याच आठ वर्षांत घालायचं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, सात ते नऊला ६५०, तेराच्या पुढं मोठ्या माणसाएवढं.

यासाठी गोळी किंवा सिरप लागतंच असं नाही. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलीटर दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असतं. कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतून सरकारी शाळांत २०१३ पासून १५० मिलिलीटर दूध मिळतं, ते मुलांना प्यायला लावा. 'पावडरचं आहे' म्हणून नाक मुरडू नका, त्यात कॅल्शियम आहे. दूध पचत नसेल तर दही, ताक बहुधा पचतं.

खानापूरच्या डोंगराळ भागात, जांबोटी-कणकुंबीकडे, नाचणी अजून घरची असते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीच्या दहापटीहून जास्त. नाचणीत फायटेट नावाचं एक द्रव्य असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं; नाचणी मोड आणून किंवा आंबवून घेतली की त्याची पकड ढिली होते. आपली आंबील म्हणजे नेमकं हेच की. भोगीला भाकरीवर तीळ लावतो ते वर्षभर लावायला काय हरकत आहे? शेवग्याचा पालाही चांगला. पालकावर मात्र फार भिस्त नको. त्यातल्या ऑक्झलेटमुळं पालकातलं कॅल्शियम शंभरातलं जेमतेम पाच अंगी लागतं, दुधातलं तीसच्या घरात.

ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम आतड्यातून पुढं सरकत नाही, म्हणून पोरांना उन्हात खेळू द्या. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका. एकदा डॉक्टरांनी लिहिली म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेत राहिलेले लोक मी पाहिलेत. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनी बिघडू शकते.

## तोंडाच्या वाटेनं: पेस्ट

बहुतेक साध्या पांढऱ्या पेस्टमध्येही कॅल्शियम कार्बोनेट असतं. पण तिथं ते भांडी घासायच्या राखेचं काम करतं, दाताच्या पोषणाचं नाही. 'कॅल्शियमयुक्त' हा शब्द पेस्टवर दिसला म्हणून भुलू नका. दाताला खरा आधार फ्लोराइडचा. लाळेतलं कॅल्शियम दातावर परत बसताना फ्लोराइड हजर असेल तर बसलेला थर आधीपेक्षा आम्लाला जास्त दाद न देणारा होतो. आपल्या देशात पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, घालायला परवानगी आहे, आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो.

'फ्लोराइडनं दात पिवळे पडतात ना?' असं विचारणारे येतात. उत्तर कर्नाटकातल्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि तिथल्या मुलांच्या दातांवर डाग दिसतात, ते खरं आहे. पण ते दात घडण्याच्या वयात पोटात गेलेलं फ्लोराइड. पुन्हा पोटाचीच वाट. पेस्ट गिळायची नसते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी द्या आणि थुंकायला शिकवा. मोठ्यांनी घासून झाल्यावर थुंकावं, पण लगेच तांब्याभर पाण्यानं चुळा भरू नयेत, कामाचं तेच वाहून जातं.

थंड-गरम लागतं त्यांच्यासाठी कॅल्शियमच्या काही खास पेस्ट मिळतात, ज्या लाळेशी संयोग होऊन दातातली बारीक भोकं बुजवतात. दुधाच्या प्रथिनात कॅल्शियम बांधलेलं एक क्रीमही येतं, पांढऱ्या डागांवर डॉक्टर ते सुचवतात. दुधाची ॲलर्जी असेल त्यांनी ते लावू नये. या वस्तू महाग आहेत. रात्री झोपताना साधी फ्लोराइडची पेस्ट न चुकता लावणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते.

मावशी दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. कीड नसेच्या जवळ गेली होती, पण नस अजून जिवंत होती. डॉक्टरांनी खड्डा साफ केला, तळाला कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर दिला आणि वर सिमेंट भरलं. शंभर वर्षं दंतवैद्यकात ही रीत आहे: नसेशेजारी हा थर दिला की आतल्या पेशी स्वतःच नव्या डेंटिनची भिंत घालायला घेतात. चुनाच तो, पण शुद्ध केलेला, सिमेंटखाली बंद, गालाला न लागणारा.

परतीच्या गाडीआधी मावशी दुकानात डोकावल्या. गोळी जेवणाबरोबर चालू ठेवायची, हे मी स्ट्रिपच्या मागं मराठीत लिहून दिलं. गालावरचा चट्टा दोन आठवड्यांनी परत दाखवायला डॉक्टरांनी बोलावलंय, ती तारीखही लिहिली. मग त्यांनी नातवासाठी पेस्ट मागितली. मी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरातला १००० चा आकडा त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ट्यूब डोळ्यांजवळ धरली आणि बोट ठेवून तो आकडा मोठ्यानं वाचला.